शाळेत प्रार्थना कोणाची, संमती कोणाची? शारदा सदनाचा वाद आणि त्यानंतरचे नियम

चर्चने किंवा ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या शाळा सिंधुदुर्गाला नव्या नाहीत. सावंतवाडीची मिलाग्रीस शाळा जिल्ह्यात बहुतेकांना माहीत असते. कुडाळ, पिंगुळी, वेंगुर्ला या पट्ट्यातला पालक अशा शाळेत मुलाचे नाव घालतो तेव्हा तो शिस्त, इंग्रजी आणि दहावीचा निकाल पाहतो. धर्माचा प्रश्न मनात येतो तो बहुधा नंतर, मूल घरी येऊन शाळेतली एखादी प्रार्थना गुणगुणू लागले की. तिकडे ख्रिस्ती शिक्षकासमोरही एक प्रश्न असतो. शिकवणे ही जो देवाची सेवा मानतो, त्याने आपली श्रद्धा वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची का? आणि ठेवायची नसेल, तर ती आत किती आणायची?

महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांवर जवळपास दोनशे वर्षे वाद झाले आहेत. कोर्टकचेऱ्या झाल्या, शाळा रिकाम्या झाल्या, समित्यांनी राजीनामे दिले. आज राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये जे नियम आहेत, ते समजून घ्यायचे तर हे वाद आधी पाहावे लागतात. त्यांतला सर्वांत बोलका वाद पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा.

मिशन शाळांतला बायबलचा तास

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये कोकणातल्या बाणकोटपासून सुरुवात केली. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. या शाळांत गणित, भूगोल, इंग्रजी यांच्याबरोबर बायबलचा तास असे आणि तो ऐच्छिक नसे. मिशनऱ्यांच्या दृष्टीने शाळा आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. मुलांनी वाचायला शिकावे ते शास्त्र वाचता यावे म्हणून, ही प्रोटेस्टंट परंपरेची मूळ धारणा.

पालकांना हे माहीत होते, तरी ते मुले पाठवत. दुसरीकडे इंग्रजी शिकण्याची सोय थोडी होती आणि या शाळांत अनेकदा जातीची अटही नसे. जोतीराव फुले १८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी अहमदनगरच्या मिशनरी शिक्षिका सिंथिया फेरार यांचे नाव जोडले जाते. दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. पण शाळेत कोणीही येऊ शकते, मुलगीही आणि अस्पृश्य मानलेले मूलही, ही गोष्ट त्यांनी या शाळांत प्रत्यक्ष पाहिली होती. मिशन शाळांचा मराठी समाजावर झालेला मोठा परिणाम धर्मांतराच्या आकड्यांत मोजता येत नाही. तो फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात सुरू केलेल्या शाळेसारख्या ठिकाणी दिसतो.

दोन खटले आणि पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री

१८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेशी संबंधित दोन पारशी तरुणांनी, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतली. कोर्टाने तरुणाचा स्वतःचा निर्णय मान्य केला.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. श्रीपत अजून लहान होता. या वेळी कोर्टाने उलट निर्णय दिला आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. सज्ञान माणसाचा निर्णय त्याचा स्वतःचा, लहान मुलाचा निर्णय पालकाचा, ही आजही टिकून असलेली विभागणी या दोन प्रकरणांतून ठसठशीत झाली.

पण कोर्टाने मुलगा परत दिला म्हणून जात त्याला परत घेईलच असे नव्हते. तो परधर्मीयांच्या घरी जेवला होता. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी हिरिरीने मांडली आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. ‘दर्पण’कार जांभेकर मूळचे पोंभुर्ल्याचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्याचे. ते स्वतः एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते. या वादाकडे नुसते मिशनरी विरुद्ध हिंदू असे पाहिले की जांभेकरांसारखा माणूस नजरेतून सुटतो. मूल शाळेत गेले आणि काही वेगळे घडले, तर त्याला परतीची वाट मोकळी असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सरकारची सावध भूमिका

कंपनी सरकारला या भानगडीत पडायचे नव्हते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण असणार नाही असे ठरवले. बायबल ग्रंथालयात ठेवायला हरकत नव्हती आणि विद्यार्थ्याने आपणहून विचारले तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर त्याविषयी बोलायलाही हरकत नव्हती. खासगी शाळांना अनुदान द्यायचे ते इतर विषयांचे शिक्षण पाहून. तिथे कोणता धर्म शिकवतात याकडे तपासनिसाने लक्ष द्यायचे नाही.

अडचण व्हायची ती गावात एकच शाळा असली आणि ती मिशनची असली तर. १८८२ च्या हंटर आयोगाने अशा ठिकाणी पालकाला मुलाला धर्माच्या तासातून वगळण्याची मुभा असावी असे सुचवले. मात्र पालकाने नाव घालतानाच तसे सांगायला हवे होते. तो गप्प राहिला तर त्याची संमती आहे असे धरले जाई. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण राज्यघटनेने पुढे नेमकी तीच उलटी केली.

शारदा सदन: शिकवणार नाही, पण लपवणारही नाही

याच हंटर आयोगापुढे पुण्यात साक्ष देणाऱ्यांत २४ वर्षांच्या पंडिता रमाबाई होत्या. स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आयोगाला सांगितले. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. त्यांची बाजू घेणाऱ्या थोड्या लोकांत फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचे समर्थन केले.

अमेरिकेत रमाबाईंनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत द्यायचे ठरवले आणि शाळेत कोणत्याही पंथाचा प्रचार होणार नाही हे मान्य केले. उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या विधवा यायच्या असतील तर दुसरा मार्गही नव्हता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. मुलींना आपले सोवळे-ओवळे, पूजा, उपवास पाळायची मोकळीक होती. वर्गात ना हिंदू धर्म शिकवला जाई ना ख्रिस्ती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. त्यांच्या नावावर विश्वास ठेवून अनेक सुधारक कुटुंबांनी आपल्या मुली पाठवल्या.

सदनात आलेली पहिली विधवा होती देवरुखकडची गोदूबाई जोशी. त्यांचे बंधू नरहरपंत मुंबईत धोंडो केशव कर्व्यांबरोबर राहत. केशवपन झालेली, अक्षरओळख नसलेली विधवा कोकणातून मुंबईला शिकायला येते, ही त्या काळी छोटी गोष्ट नव्हती. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. रमाबाईंबद्दलची आपुलकी त्यांनी आयुष्यभर जपली, पण त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनात गेलेली प्रत्येक मुलगी धर्म बदलते, या तेव्हाच्या समजाला सदनाच्या पहिल्याच विधवा विद्यार्थिनीचे उदाहरण लागू पडत नाही.

मग वाद कशाचा होता? रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, आणि घालवलेही नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते: मी धर्म शिकवणार नाही असे वचन दिले आहे, माझा धर्म लपवीन असे दिलेले नाही. मुलींना तुळशीपुढे हात जोडायची मोकळीक आहे, तशी माझ्या प्रार्थनेला बसायचीही आहे.

‘केसरी’ने सदनावर सातत्याने टीका केली. पण सदनाला धक्का बसला तो विरोधकांमुळे नव्हे, मित्रांमुळे. सल्लागार मंडळाला वाटले की लहान वयाच्या मुली पालकांना न विचारता प्रार्थनेला बसत असतील, तर तटस्थतेचे वचन कागदावरच राहिले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

गंमत म्हणजे उलट बाजूनेही तक्रार होतीच. सदनात ख्रिस्ती धर्म उघडपणे शिकवला जात नाही, म्हणून काही मिशनरी रमाबाईंवर नाराज होते. अमेरिकेतल्या मंडळाने मात्र त्यांची पाठराखण केली.

कोण बरोबर होते? रमाबाईंनी वचन मोडले असे म्हणणे कठीण आहे. वर्गात त्यांनी धर्म आणला नाही. पण सल्लागारांची शंकाही पोकळ नव्हती. घराने टाकून दिल्यासारख्या झालेल्या मुलीला जी बाई जेवू घालते, शिकवते, माया लावते, तिच्या खोलीचे उघडे दार हे नुसते उघडे दार राहत नाही. वसतिगृहाच्या शाळेत आणि दिवसाच्या शाळेत हा मोठा फरक असतो. दिवसाची शाळा सुटली की मूल घरी जाते. सदनातल्या मुलींना ते घर नव्हते.

या सगळ्यात ज्यांचे काही गेले, त्या मुलींना कोणी विचारले नाही. १८७५ च्या कायद्याने अठरा वर्षांची व्यक्ती सज्ञान ठरत होती, तरी वीस-बावीस वर्षांच्या विधवेचाही निर्णय बाप, भाऊ किंवा सासरा घेई. ज्यांना घरी नेले, त्यांच्यासाठी राहून शिकण्याची दुसरी सोय पुण्यात नव्हती. हुजूरपागा १८८४ पासून होती, पण ती विधवांचे वसतिगृह नव्हती. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ मध्ये, तीन वर्षांनी. तिथे शिकून पुढे आश्रमाचा आधार झालेल्या पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्याच धाकट्या बहीण. एकाच कोकणी घरातल्या दोन विधवा बहिणी, एक ख्रिस्ती बाईच्या सदनात शिकली आणि दुसरी हिंदू आश्रमात. मधली तीन वर्षे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांची नावे सहसा कुठे येत नाहीत.

केडगाव: विचारायला पालकच नव्हते

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. शिक्षण, छपाई, विणकाम, तेलघाणा, शेती, आणि दिवसाची सुरुवात प्रार्थनेने. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या दीड हजारांच्या वर गेली. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली.

शारदा सदनात प्रश्न पालकांच्या संमतीचा होता. इथे बहुतेक मुलींचे पालक दुष्काळात मेले होते किंवा बेपत्ता होते. संमती कोणाची घ्यायची? त्या काळच्या कायद्यात याचे नीट उत्तर नव्हते. ज्याने वाचवले त्यानेच धर्म ठरवला, आणि ही गोष्ट त्या काळातल्या इतर धर्मांच्या अनाथाश्रमांनाही तितकीच लागू होती.

अनुच्छेद २८ काय सांगतो?

१९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेने शाळांचे प्रकार पाडले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा यात येते. एखाद्या न्यासाच्या अटीनुसार स्थापन झालेली आणि सरकार चालवत असलेली संस्था हा छोटा अपवाद. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या खासगी शाळेत धर्मशिक्षण देता येते, पण कोणावरही त्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिलेली असावी लागते.

हंटर आयोगाच्या काळात पालकाचे मौन म्हणजे होकार होता. आता मौन म्हणजे नकार. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो, पण तो हक्क संमतीच्या या अटीला ओलांडून जात नाही.

हा नियम फक्त ख्रिस्ती शाळांसाठी नाही. केरळमधल्या तीन ख्रिस्ती मुलांनी आपल्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटले नाही, पण ती आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. महाराष्ट्रात नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला होता. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सक्ती विद्यार्थ्यावर नाही, तशी शिक्षकावरही नाही.

धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे

इथे एक गोंधळ नेहमी होतो. कायद्याने मनाई आहे ती धर्मशिक्षणाच्या सक्तीला. धर्मांविषयी माहिती देण्याला नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे असे सांगितले. २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमातल्या विविध धर्मांच्या परिचयाबाबतही न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

पिंगुळीच्या उदाहरणाने हे सोपे होते. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी प्रसिद्ध आहे. एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या, अशी ही परंपरा. ती जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एखाद्या ख्रिस्ती शाळेने चित्रकथीचा कार्यक्रम ठेवला तर मुले एक कला पाहतात. त्याआधी आरती करून सर्वांनी हात जोडलेच पाहिजेत असे म्हटले, की गोष्ट बदलते. हाच निकष उलटही लावायचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीतला हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांना धर्म समजावा म्हणून लिहिला होता. आज मराठीच्या वर्गात तो साहित्य म्हणून वाचला तर ते मराठीचे शिक्षण आहे. ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकांत होत्या आणि कोणाचा धर्म बुडाला नाही.

ख्रिस्ती शाळांत आज काय चालते?

सिंधुदुर्गातली कॅथलिक मंडळी २००५ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होती. त्या वर्षी सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत झाला. कॅथलिक शाळांत साधारण पद्धत अशी असते, की ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण. अनेक ठिकाणी धर्मशिक्षण शाळेतून काढून रविवारी चर्चमध्ये नेले आहे. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि सर्वांना म्हणता येईल अशी प्रार्थना. पालगडच्या साने गुरुजींची प्रार्थना मिशनच्या शाळांतही म्हटली जाते.

चर्चची स्वतःची भूमिकाही बदलली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर आणि धर्मस्वातंत्र्यावर वेगवेगळी निवेदने काढली, आणि धर्माच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती होता कामा नये हे स्पष्ट केले. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात उद्देशिका वाचा, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा.

मग ख्रिस्ती शिक्षकाच्या श्रद्धेला जागा कुठे उरते? ती उरते मागे पडलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर अर्धा तास जादा देण्यात, फी थकलेल्या मुलाला वर्गात सगळ्यांसमोर उभे न करण्यात. यासाठी कोणाच्या संमतीची गरज नसते. मुलाने आपणहून विचारले, ‘बाई, तुम्ही गळ्यात क्रूस का घालता?’ तर खरे आणि थोडक्यात उत्तर देण्यातही गैर काही नाही. १८५४ च्या खलित्यालासुद्धा ते चालत होते. अडते ते प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाकडे शिक्षकाची नजर बदलते तिथे. शिबिरात, वसतिगृहात, परीक्षेच्या आधीच्या आशीर्वादाच्या कार्यक्रमात हे जास्त सहज घडते, कारण तिथे नाही म्हणणे मुलाला अवघड जाते. म्हणून अशा कार्यक्रमाची सूचना पालकांना आधी लेखी देणे आणि न येणाऱ्या मुलांसाठी त्याच वेळेला दुसरे काही ठेवणे, हे शाळेच्याही सोयीचे असते.

पालकांनी नाव घालताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: धर्मशिक्षणाचा तास आहे का, तो कोणासाठी आहे, आणि संमतीचा कागद वेगळा आहे की प्रवेश अर्जातच एखाद्या ओळीत घातला आहे.

एक गाठ मात्र १८९३ पासून तशीच आहे. सोळा वर्षांच्या मुलीला प्रार्थनेला बसायचे असेल आणि घरच्यांची ना असेल, किंवा घरच्यांनी होकार दिला असेल आणि तिला बसायचे नसेल, तर अनुच्छेद २८ पालकाचेच ऐकतो. अठरा पूर्ण होईपर्यंत त्या कागदावर सही तिची लागत नाही.